सीनेच्या डबक्यापासून कांदोळीच्या समुद्रापर्यंत

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर सुटतां सुटतां नागापूर लागतें. आतां तें औद्योगिक वसाहतीच्या नांवानें ओळखलें जातें. आमच्या लहानपणीं तेथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं. जवळून सीना नदी वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यांत. एरवीं ती डबक्याडबक्यांनीं पडून असते. त्या डबक्यांच्या गाळांत काठी खुपसून बुडबुडे काढणें हा आम्हां मुलांचा उद्योग असे. आजी म्हणे, “नदीला उचक्या लागल्या आहेत.” त्या उचक्यांचा अर्थ मला साठी उलटल्यावर समजला, आणि तोहि गोव्यास!

गेल्या वर्षीं गणपती आटोपल्यावर भाच्याच्या आग्रहावरून मी व आमचें कुटुंब पणजीस गेलों. भाचा समुद्राच्या रसायनशास्त्राचा अभ्यास करतो. १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल्यास आहे, आणि तिचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोरच्या एका ठराविक जागेचें पाणी वर्षानुवर्षें तपासत आले आहेत. तेथें खोली जेमतेम २७ मीटर. आमच्या परसांतली विहीर त्याहून फारशी उथळ नाहीं! तरी त्या बेताच्या खोलींत दरसाल एक विलक्षण नाटक घडतें.

नैऋत्येच्या पावसाळ्यांत खोल समुद्रांतलें थंड, खतावलेलें, पण प्राणवायूला पारखें झालेलें पाणी किनाऱ्याकडे वर सरकतें. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचें झांकण बसतें. वरच्या थरांत सूक्ष्म वनस्पतींचें उदंड पीक येतें, तें मरून तळाशीं कुजतें आणि होता तो प्राणवायूहि संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाच्या पाण्यांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु सांचतो. डॉ. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं ‘नेचर’मध्यें दाखविलें कीं, ही अवस्था तीव्र होत चालली आहे. मासे आमच्या पानांत नसले तरी ज्यांचा संसार माशांवर चालतो त्यांना हें ऐकून काय वाटेल तें समजण्यास मासे खावे लागत नाहींत.

भाच्याबरोबर एका होडींतून मीहि गेलों. दोरीला बांधलेल्या नळकांड्या खालीं सोडल्या. वरून वजन सोडतांच त्यांचीं तोंडें मिटत. वरच्या पाण्याला कसलाहि वास नव्हता. तळचें पाणी ओततांच कुजक्या अंड्यांची अशी घाण सुटली कीं, मीं उपरणें नाकाशीं धरलें. भाच्यानें मात्र शांतपणें कांचेच्या कुप्या काठोकाठ भरल्या, एकहि बुडबुडा राहूं दिला नाहीं, आणि प्रत्येकींत पाऱ्याच्या विषारी क्षाराचे थेंब टाकले. “हें कशाला?” “आंतले जीवाणू मारायला, मामा. नाहींतर ते वाटेंतच मिथेन खाऊन टाकतील.”

मिथेन म्हणजेच सीनेच्या उचक्या आणि आपल्या गोबरगॅसचा मुख्य भाग. हवेंत गेल्यास तो शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींच्या आसपास उष्णता कोंडतो. म्हणून तो येतो कोठून आणि हवेपर्यंत पोंचतो किती, हें कळलें पाहिजे.

रात्रीं जेवतांना भाच्यानें विचारलें, “मामा, नागापूरच्या गाई काय खातात?”

“कडबा. दुसरें काय?”

“इकडच्या भाताचा पेंढा खातात. म्हणून दोघींच्या शेणांतला वायु एका वजनाचा नाहीं.”

मला ती थट्टा वाटली. पण ती नव्हती. कार्बनच्या दर शंभर कणांत सुमारे एक जड असतो. तो किरणोत्सर्ग करीत नाहीं कीं क्षय पावत नाहीं. यालाच स्थिर समस्थानिक म्हणतात. ज्वारी, बाजरी, ऊंस हीं पिकें हवेंतून हा जड कार्बन भातागव्हापेक्षां अधिक घेतात. एका ठराविक प्राचीन शिंपल्याच्या चुन्याशीं तुलना केली तर भात हजारीं सुमारे २७ नें हलका, ज्वारी १२-१३ नें. मिथेन करणारे जीवाणू हलका कार्बन अधिक उचलतात, म्हणून गाळांतला मिथेन हजारीं ५० ते ११० नें हलका भरतो. जमिनीच्या पोटांत उष्णतेनें शिजलेला तेलाबरोबरचा वायु २० ते ५० नें. कुपींतला वायु जाळून त्याचे ४४ व ४५ वजनाचे कण चुंबकाच्या ओढीनें वेगळे करावयाचे, कीं त्याचें कूळ कळलें.

येथवर सोपें, मेख पुढेंच आहे. मिथेन खाणारे जीवाणूहि चोखंदळ. त्यांना हलका कण आधीं पचतो, म्हणून उरलेला वायु जड होत जातो. गाळांतला वायु बराचसा खाल्ला गेला कीं शिल्लक राहिलेला तेलाच्या वायूसारखा दिसूं लागतो! याच किनाऱ्यापुढें १९७४ सालीं मुंबई हायचें तेल सांपडलें आहे, तेव्हां ही फसगत होऊं शकते. त्यावर उपाय असा कीं वजन व प्रमाण दोन्हीं एकत्र पाहावयाचीं. वायु नुसता मिथेनरहित पाण्यांत मिसळून विरळ झाला तर वजन बदलत नाहीं. प्रमाण घटतां घटतां वजन वाढलें, तर कोणीतरी खातो आहे. शिवाय हायड्रोजनच्या जड भावंडाची साक्ष काढतां येते.

समुद्रतळाच्या गाळांतला बहुतेक मिथेन असा वाटेंतच संपतो. खाऱ्या पाण्यांत सल्फेट विपुल. त्याच्या आधारें प्राणवायूवांचूनहि जीवाणू तो खातात. सीनेच्या गोड्या पाण्यांत सल्फेट थोडें, म्हणून तेथें उचक्या.

निघतांना मीं दोन कुप्या मागून घेतल्या. सीनेच्या गाळांत शेतांतल्या ज्वारीच्या धसकटांचा वांटा किती आणि गहू-भात खाणाऱ्या शहराच्या सांडपाण्याचा किती, याचा कांहीं सुगावा लागेल का, असें मीं विचारलें. “दोन कुप्यांवरून निकाल नाहीं हं लागायचा, मामा,” तो हंसून म्हणाला. पण कुप्या दिल्या. दिवाळींत नातवंडांना घेऊन नदीवर गेलों. काठी कोणीं खुपसावयाची यावरून भांडण झालें. शेवटीं धाकटीनें खुपसली, थोरल्यानें पाण्यांत उपडी धरलेली कुपी बुडबुड्यांनीं भरली आणि मीं रबरी बूच बसविलें. पुडकें गोव्यास रवाना झालें आहे.