लोखंडाच्या गावात चुंबकसुई

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात. तिथे होकायंत्राची सुई भरकटायचीच. गावाबाहेर माळावर गेलं की पायाखाली काळा पाषाण लागतो. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या कितीतरी थरांत ती आजच्या उलट आहे. चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झालेल्या काळातला हा दगड आपण विहिरींना आणि पायऱ्यांना लावला.

पृथ्वीचं हेच चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा झोत बहुतांशी बाजूला वळवतं. मात्र झोताबरोबर आलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असलं, तर ते आपल्या क्षेत्राशी जोडलं जातं, ऊर्जा आत शिरते, पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह वाढतो आणि जमिनीवरची सुई ढळते.

मला सूर्याइतकंच अप्रूप आहे ते ही सुई वाचणाऱ्यांचं. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टनला सौरडागांजवळ लखलखाट दिसला आणि साडेसतरा तासांच्या आसपास सौर वादळ पृथ्वीवर आदळलं. लंडनजवळच्या आपोआप नोंद करणाऱ्या यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र डोळ्यांनी वाचून आकडे हातानं लिहिले जात होते, म्हणून सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची चुंबकीय क्षेत्रातली घसरण वहीत उतरली. पुढे १९०४ मध्ये याच वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी अलिबागला लोखंडाचा स्पर्श नसलेली वेधशाळा उभी केली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं मोजमाप बिघडलं असतं. शहराला ट्राम हवी होती आणि मूस यांना अखंड नोंद. दोन्ही गोष्टी साधल्या, याचं श्रेय मी त्यांच्या हट्टाला देतो.

मार्च १९८९ च्या वादळानं कॅनडातला क्युबेक प्रांत नऊ तास अंधारात ठेवला. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथून तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. तोवर आपलं ‘आदित्य एल-१’ यान सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर पोहोचलेलं होतं, पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत घडवलेली अतिनील दुर्बीण घेऊन. वेगवान वादळाला तिथून पृथ्वी गाठायला अर्धा-पाऊण तास पुरतो. वीजवाहिन्या आणि उपग्रह सांभाळायला एवढीच सवड. वादळ जास्तीत जास्त किती मोठं असू शकतं, याचा अंदाज बांधणारे अभ्यासक मात्र अजूनही कुलाब्याच्या १८५९ च्या आकड्यांपाशी येतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये परदेशी सहकाऱ्यांसह तेच केलं.