अंगणवाडी, कॉन्व्हेंट आणि बार्नेहागे

आमच्या भाचीचा मुलगा नॉर्वेत ‘बार्नेहागे’त जातो. शब्दशः अर्थ, मुलांची बाग. फी महिन्याला १,२०० क्रोनर, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. ऐकायला भारी वाटते, पण तिथल्या पगारांच्या मानाने ती किरकोळ आहे. ही सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा. खरा खर्च याच्या कितीतरी पट, आणि तो सरकार उचलतं. एक वर्षाच्या मुलाला तिथे जागा मिळणं हा २००९ पासून कायदेशीर हक्क आहे.

यावर घरच्यांचं ठरलेलं उत्तर: “त्यांच्याकडे तेल आहे, अन् माणसं कितीशी!” खरंच आहे. अख्खा नॉर्वे साधारण ५५ लाखांचा, आणि आपला एकटा नागपूर जिल्हाच २०११ च्या जनगणनेत ४६ लाखांचा. म्हणून क्रोनर-रुपयाची तुलना नकोच. ज्याने त्याने आपल्या कमाईतून किती काढलं, तेवढंच बघू.

नॉर्वे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त रक्कम या वयाच्या शिक्षणावर घालतो. आपल्या केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ला दिले २१,९६० कोटी. आकडा मोठा दिसतो, पण हिशेब केला तर उत्पन्नाच्या ०.०६ टक्के. राज्यांचे पैसे धरून दुप्पट करा, तरी एका टक्क्याचा आठवा भागही होत नाही. आणि लाभार्थी सुमारे १० कोटी, त्यात गरोदर आणि स्तनदा मातासुद्धा.

पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. हा पैसा विकत काय घेतो? नॉर्वेत तो माणसाचा वेळ घेतो. २०१८ च्या नियमाप्रमाणे तीन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस, त्यावरच्या सहा मुलांमागे एक. आपल्याकडे सेविका एक, मदतनीस एक. आहार, वजनं, लसीकरणाच्या याद्या, गृहभेटी, मोबाईलवरच्या नोंदी... यातून उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी. तिला पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. केंद्राने २०१८ मध्ये ते ४,५०० रुपये केलं, राज्य त्यात भर घालतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं.

गंमत म्हणजे अंगणवाडीची कल्पना आपल्याच मातीतली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, मग अनुताई वाघांसोबत कोसबाडला. माँटेसरीची महागडी साधनं परवडेनात, तर बिया, पानं, शंख-शिंपले घेतले. साधनं स्वस्त केली, शिक्षिका मात्र नीट तयार केली! १९७५ च्या सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेलं, पण आता ते ऐकलं की डोळ्यांपुढे खिचडीच येते. खिचडी हवीच हो, पण बाकीचं?

बाकीच्याबद्दल ओरड का होत नाही? आपल्या नागपुरात नर्सरी-केजीला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, आणि ओरडू शकणाऱ्यांची मुलं तिथे जातात. माझा नातूही जातो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू समाजमंदिरातल्या अंगणवाडीत. दोघं एकाच वर्षी पहिलीत बसणार. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी २००२ च्या घटनादुरुस्तीत एवढंच, की राज्य ‘प्रयत्न करील’. पहिलीच्या पहिल्या दिवशी त्या पोराच्या तीन वर्षांचं अंतर कोण भरून देणार?

असो. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण सगळे आधी आयकराचे स्लॅब बघतो. पुढच्या खेपेला मी आधी अंगणवाडीची ओळ शोधणार आहे. तुम्हीही शोधा, मग बोलू.