आगीचं गणित आणि कुलूप

"म्हणजे आग कधी लागणार ते तू आधीच सांगतोस?" मागच्या वेळी पुण्याला आलो तेव्हा काकांनी विचारलं. नाही हो काका, ते ज्योतिषाचं काम! मी एवढंच सांगतो की अशा हजार कारखान्यांपैकी वर्षाला साधारण किती ठिकाणी आग लागेल आणि ती किती पसरेल.

यात गमतीजमती खूप. कारखाना दुप्पट मोठा केला तरी आगीची शक्यता दुप्पट होत नाही. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, जुन्या आकडेवारीत ती साधारण क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सुमारे १.४ पट. पण बऱ्याच आगी लहान असतानाच विझतात आणि नुकसानीचा मोठा वाटा मोजक्या मोठ्या आगींचा असतो. त्यामुळे नुसती सरासरी फसवते. म्हणूनच लंडनजवळच्या बोरहमवुडला, फायर रिसर्च स्टेशनमध्ये, जी. रामचंद्रन यांनी १९७० च्या दशकात नद्यांच्या महापुरांसाठी वापरतात तसलं गणित आगींना लावलं.

माझा खरा झगडा मात्र गुणाकाराशी आहे. समजा, स्प्रिंकलर न चालण्याची शक्यता दहात एक, धोक्याची घंटा न वाजण्याची दहात एक आणि दार बंद असण्याची दहात एक. तिन्ही एकदम घडण्याची शक्यता हजारात एक! अहवालात हा आकडा फार देखणा दिसतो. पण हा गुणाकार तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तरच खरा. आणि संबंध तर असतो! जो मालक स्प्रिंकलरचा खर्च वाचवतो, तोच दाराला कुलूप लावतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅम्लेट गावी कोंबडीचं मांस तळून विकणारा कारखाना होता. ३ सप्टेंबर १९९१ ला तिथे हायड्रॉलिक तेलाची नळी सुटली, तेल तळणीच्या गॅसवर उडालं आणि २५ माणसं गेली. स्प्रिंकलर नव्हते, बाहेरची दारं कुलूपबंद होती आणि ११ वर्षांत सरकारी सुरक्षा तपासणी एकदाही झालेली नव्हती. ही तीन वेगवेगळी दुर्दैवं नव्हेत. एकाच बेपर्वाईची ही तीन रूपं.

त्यामुळे हल्ली कुठल्याही कारखान्यात गेलो की संगणक उघडण्याआधी मी मागचं दार ढकलून बघतो. तुमच्यापैकी कुणी एमआयडीसीत कामाला असेल तर उद्या तेवढं करा. दार उघडलं नाही, तर माझ्यासारख्याच्या अहवालातल्या हजारात एकवर विश्वास ठेवू नका.