मानेचा ताव

रानडुकरांचा कळप मक्यात शिरला की आधी दिसत काहीच नाही, नुसतं ऐकू येतं. कणीस मोडल्याचा आवाज एकदा धुऱ्याकडून, एकदा नाल्याकडून, आणि बॅटरी उचलेपर्यंत थेट माळ्याच्या खालून. पांढुर्ण्याजवळच्या आमच्या तिगावात जागलीला बसलेला माणूस डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. सातपुड्याकडून येणारा गार वारा, संत्र्याच्या बागेतली ओल, चिचोंड्याकडे घाट चढणाऱ्या मालगाडीची घरघर, या सगळ्यांतून त्याला एकच आवाज निवडून काढायचा असतो. गाडी घाटात असली की डुकरांचं फावतं. हे त्यांना कळतं की तो योगायोग आहे, यावर आमच्या गावात अजून एकमत झालेलं नाही.

या कामासाठी आमच्या घरी एक भरमार आहे. आजाच्या नावावर होती, मग बाबांच्या, आता थोरल्या भावाच्या. लांबलचक नळी, तिच्याखाली अडकवलेला गज, घोड्याचा खटका आता सैल झालेला. नळीच्या तोंडातून दारू, मग चिंधी, मग छर्रे, वरून पुन्हा चिंधी, आणि गजाने ठासायचं. हे सगळं अंधारात, माळ्यावर, उकिडवं बसून. बार काढला की पांढऱ्या धुराचा ढग समोर उभा राहतो आणि बराच वेळ हलत नाही. तो विरतो तेव्हा डुकरं शेजाऱ्याच्या वावरात असतात. पुन्हा भरेपर्यंत तीही तिथून निघून गेलेली. लहानपणी मी आजाला विचारलं होतं, याने कधी डुक्कर मेलं का. आजा म्हणाला, "मराले नाही ठेवली बापू, त्याले समजाले ठेवली हाय."

डुकराला काय समजत होतं ते डुक्करच जाणे. पण सरकारला ही बंदूक समजलेली आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात ती मांड ठोकून बसली आहे. पिकाच्या राखणीसाठी खरोखरच गरज असेल तर नागरिकाला तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं तिथे लिहिलंय. तिने भागणार नाही अशी खात्री पटली, तर अधिकारी दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. नळीत आटे पाडलेल्या रायफलचं त्या ओळीत नावही नाही. व्हाइसरॉय लिटनने १८७८ साली शस्त्र कायदा आणला आणि हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याला बांधलं. स्वतंत्र देशाने कायदा बदलला, शेतकऱ्याची आठवण ठेवली, पण त्याच्या हाती ठेवली ती त्याच्या आजाची बंदूक. शिकारी जिम कॉर्बेटची पोरवयातली पहिली बंदूकही ठासणीचीच होती. एक नळी फुटलेली, दस्ता पितळी तारेने बांधलेला. तो पुढे दुसऱ्या बंदुकांकडे गेला. आम्ही तिथेच राहिलो.

मी आयटीआयचा टर्नर. उमेदीची वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर काढली. डायल इंडिकेटरची सुई थरथरली की माझं काळीजही थोडं थरथरतं. शॉपमध्ये आम्ही इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतो, आणि दोन थाऊंनी जॉब फसला तर दिवसभर चहा गोड लागत नाही. म्हणूनच असेल, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पिकं खाणाऱ्या जनावरासाठी माणसं कसली बंदूक घडवतात हे वाचलं तेव्हा मी त्यात पुरता अडकलो.

अमेरिकेतल्या कुरणांत ग्राउंडहॉग नावाचं एक बिळात राहणारं जनावर आहे, मांजराएवढं. पीक खातं, बिळं करतं, बिळांत गुराघोड्यांचे पाय जातील अशी शेतकऱ्याला धास्ती. ते दोन-तीनशे पावलांवर मागच्या पायांवर उभं राहून बघत असतं, आणि चाहूल लागली की गडप. एवढ्या लांबचं एवढंसं लक्ष्य गाठायचं तर गोळी हलकी, वेगवान आणि सरळ हवी. तिथल्या काही लोकांना या त्रासाने असं वेड लावलं की त्रास बाजूला राहिला आणि वेड उरलं. एखाद्या जुन्या माउझर रायफलचा मधला भाग घ्यायचा, त्याला नवी जाड नळी बसवायची, चेंबर स्वतः कापून घ्यायचं, अक्रोडाचं लाकूड असं कोरायचं की नळी त्याला कुठेही टेकणार नाही; मध्ये कागदाची घडी अडथळ्याशिवाय सरकली पाहिजे. नळी तापली की फुगते, आणि लाकूड पावसाळ्यात फुगतं. दोघांनी एकमेकांना ढकललं तर गोळी वाट सोडते. वाचताना मला हे सगळं हातांत जाणवत होतं.

पण खरी गोष्ट पुंगळीची. काडतुसाची ती पितळी पुंगळी, जी आपल्याकडे गोळीबाराच्या बातमीत "रिकामी सापडली" एवढ्यापुरती येते. १९२०च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातल्या काही जणांनी काळ्या दारूच्या जमान्यातलं एक जुनं बारीक काडतूस उचललं, त्यात नवी दारू घातली, आणि त्यातून .२२ हॉर्नेट निघालं. १९३० साली विंचेस्टरने ते बाजारात आणलं. १९३५ साली .२२० स्विफ्ट आलं, त्याची गोळी सेकंदाला बाराशे मीटरच्या पुढे. आणि मधल्या काळात हौशी कारागीर आपापल्या गॅरेजात, मिळेल त्या पुंगळीची मान दाबून बारीक करत होते. .२५० सॅव्हेज नावाच्या पाव इंची काडतुसाची मान त्यांनी .२२च्या गोळीएवढी केली आणि .२२-२५० जन्माला आलं. हे घरगुती लेकरू रेमिंग्टनने १९६५ साली रीतसर दत्तक घेतलं, तोवर ते तीस वर्षं लोकांच्या गॅरेजांत नांदत होतं.

पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. पत्र्याची चकती घेऊन तिची वाटी करतात, वाटी साच्यांतून ओढत ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीसरशी पितळ कडक होतं, हट्टाला पेटतं, आणि आणखी ओढलं तर फाटतं. म्हणून दोन ओढींच्या मध्ये त्याला ताव द्यायचा. तावाने त्याचा राग जातो. आपल्याकडे हे काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून आणि वरणगावात १९६४ पासून चाललेलं आहे, पण तिथलं पितळ ठरल्या मापाचं, ठरल्या फौजेचं. हौशी माणसाचं पितळ वेगळं. तो एकेक पुंगळी हातात घेतो, मान साच्यातून दाबतो, मग फक्त मानेला ज्योत दाखवतो. बूड पाण्यात किंवा बोटांत. बुडाला ताव लागता कामा नये, कारण बारचा सगळा दाब तिथे झेलायचा असतो. ते कडकच हवं. मान मात्र नरम. बार उडतो त्या क्षणी पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला गच्च चिकटतं, धूर मागे येऊ देत नाही. आणि दाब ओसरताच केसभर आत येतं, म्हणून पुंगळी मोकळी निघते. मान फार कडक असेल तर चिरते, फार नरम असेल तर गोळीच धरत नाही. बोटाएवढ्या एका वस्तूत वर एक स्वभाव, खाली दुसरा, आणि मधे कुठेही सांधा नाही. लेथवर मी आयुष्यभर जे जॉब काढले ते सगळे वरपासून खालपर्यंत एकाच स्वभावाचे होते.

शिवाय एकदा उडवलेली पुंगळी त्या चेंबरच्या अंगाची होऊन निघते. त्याच मापाच्या दुसऱ्या रायफलमध्ये ती बसेलच असं नाही. हे सासर एकदाच ठरतं.

हिंदुस्थानातही काडतुसांनी रूप बदललं, पण ते हौसेपोटी नाही. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने .४५० मापाच्या रायफलींवर इथे बंदी घातली, दारूगोळा बंडखोरांच्या हाती लागेल म्हणून. लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७० अशी नवी मापं काढून शिकारी साहेबांची सोय केली. फौजेची .३०३ नागरिकाला वर्ज्य, म्हणून .३१५ आली, आणि ती ईशापूरच्या कारखान्यात पुढेही बनत राहिली. तिकडे पितळ बदललं मांजराएवढ्या जनावरापायी, इकडे माणसापायी.

आता तुम्ही विचाराल, एवढं कळतं तर मग अशी एक रायफल करायची होती की. परवान्याशिवाय बंदूक घडवणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि लेथवाल्यांची जात मला जितकी माहीत आहे त्यावरून तो गुन्हाच असावा असं माझं मत आहे. पण समजा परवाना मिळाला, तरी ती रायफल तिगावात काय करणार? तिची गोळी साडेतीन ग्रॅमची, पातळ कवचाची, लहान जिवात शिरताच फुटून जावी म्हणून केलेली. आमच्याकडचं डुकराच्या नराचं धूड शंभर किलोपर्यंत जातं, खांद्यावर चामड्याची ढाल असते. त्याला ती गोळी लागली तर ते मरणार नाही, चवताळेल आणि कुणाच्या तरी कपाशीत जाऊन दबा धरेल. सकाळी तिथे बायका निंदायला यायच्या असतात. रोही, म्हणजे नीलगाय, तर त्याच्याही दुपटीतिपटीचा. शिवाय ग्राउंडहॉगला अशी कुठली अनुसूची नाही, आमच्या डुकराला आहे. १९७२च्या कायद्याखाली वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. ती रायफल तिच्या जनावराच्या मापाची आहे आणि ते जनावर इथे नाही. मला हवी होती ती बंदूक नव्हतीच. मला ती मान हवी होती, ज्योतीत क्षणभर निळसर होणारी.

वावराची राखण सध्या बायकांच्या जुन्या साड्या करतात. बांबू रोवून चारही बाजूंनी बांधलेल्या. वाऱ्यावर हलल्या की डुकरं बुजतात, निदान पहिले आठ दिवस. ज्याला परवडतं तो झटका मशीन लावतो. कुत्र्याचं भुंकणं भरलेला भोंगाही आला आहे, त्याने गावची खरी कुत्री रात्रभर झोपत नाहीत. पाइपच्या कार्बाइड गन आल्या होत्या, पण २०२५च्या दिवाळीत भोपाळकडे त्यांनी कितीतरी पोरांचे डोळे भाजले, तेव्हापासून आमच्या घरात तो विषय बंद. आणि भरमार? निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती थाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. तिची निम्मी हयात कोठडीत गेली असं भाऊ म्हणतो. नेमबाजीची हौस असलेली आमची पोरं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमारीला, दोन काठांच्या दगडफेकीला, जातात. पांढुर्णा एका काठाला, सावरगाव दुसऱ्या, मधे पळसाचं झाड. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले; लोकांनी गोटेच उचलले.

पुंगळीच्या नादात मला एक जुनी भानगड वाचायला मिळाली. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात इथे आपोआप चिरायची. कुणी हात लावलेला नाही, बार झालेला नाही, आणि मानेशी तडा. पावसाळ्यात मोहिमा बंद, म्हणून काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत. कारण सापडलं ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळात शिरतो. पण तो सगळीकडे शिरत नाही. साच्यात दाबताना जिथे पितळावर ताण आला आणि तो आतच राहून गेला, तिथेच फट पाडतो. उपाय म्हणजे घडवून झाल्यावर एक हलका ताव. आतला ताण गेला की अमोनियाला धरायला जागा उरत नाही.

हे वाचलं आणि मी उठून गोठ्यात गेलो. तिथे आजीचा भंडाऱ्याचा पितळी गुंड पडला होता, गुरांच्या पाण्याचा म्हणून ठेवलेला. मानेशी उभा तडा. घरात वर्षानुवर्षं असा समज होता की तो धाकट्या काकाने विहिरीवर आपटला, आणि काका मरेपर्यंत "मी नाही आपटला" म्हणत राहिला. गुंडाची मान म्हणजे कासाराने सगळ्यात जास्त वळवलेली जागा. गोठा म्हणजे बारा महिने मुताचा वास. पाऊस म्हणजे तिगावचा पाऊस. काकाची बाजू इतक्या उशिरा कोण ऐकणार, पण मी भावाला ऐकवली. तो म्हणाला, काका आपटतच होता.

गुंड पांढुर्ण्याच्या बाजारात नेला. तिथे एक म्हातारा कासार आहे, कल्हईही करतो. त्याने तडा बोटाने चाचपला, गुंड उलटा करून बुडावर टिचकी मारली, आवाज ऐकला.

"बूड चांगलं हाय," म्हणाला. "मान गेली."

मी त्याला घोड्यांच्या पागेची गोष्ट सांगितली. त्याला काहीच नवल वाटलं नाही. भट्टीवर नवसागराची चिमूट टाकत म्हणाला, गोठ्यात पितळ ठेवू नये हे त्याचा बाप सांगायचा, कारण विचारायची पद्धत नव्हती. नवसागराचा तो झणझणीत धूर माझ्या नाकात गेला, तोही अमोनियाच.

"जोडता येईल का?"

"मानेले ताव देऊन मंग सांधा लागते. एवढी मजुरी कोण देते आता? मोडीत घालत असशीन तं भाव सांगतो."

त्याने भाव सांगितला. मजुरीही सांगितली. मोडीचा भाव मजुरीपेक्षा बराच जास्त होता. मी मजुरी देऊन आलो; गुंड पाऊस उघडल्यावर मिळेल.