मेहकरच्या वाटेवर

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हांस बुलढाणा जिल्ह्यांत जाण्याचा योग आला. मेहकर हें आमच्या आजोबांचें गांव. आजोबा तेथें शाळेंत शिक्षक होते, आणि त्यांची रोजनिशीची वही चुलतबंधूंच्या घरीं माळ्यावरील पेटींत पडून होती. घर दुरुस्तीस काढल्यामुळें बंधूंचें बोलावणें आलें कीं, "कागदपत्र पाहून जा, नाहीं तर वाळवी पाहील." बरोबर आमचा दौहित्र होता. वय वर्षें बारा. कन्या व जामात नोकरीनिमित्त इटलींत बोलोन्या शहरीं असल्यामुळें त्याची शाळा इटालियन भाषेंत चालते. मराठी तो घरीं बोलतो, आणि आईनें शिकविली म्हणून अडखळत कां होईना, पण वाचतो.

पहांटे मलकापूर स्टेशनावर उतरलों व एस. टी. धरली. मोताळा मागें टाकून गाडी राजूरचा घाट चढूं लागली तशी हवा पालटली. या थंड हवेसाठींच इंग्रज अधिकाऱ्यांनीं जिल्ह्याचें ठाणें वर डोंगरावर नेलें असें सांगतात. गांवाचें नांव मूळ 'भिलठाणा', भिल्लांचें ठाणें, असेंही सांगतात. वाटेंतील एका फलकावर हें नांव मराठींत आणि रोमन लिपींत असें दोन्ही प्रकारें होतें. नातवानें रोमन अक्षरें वाचलीं तीं 'बुल्दाना' अशीं!

"अरे, मध्यें 'एच' आहे ना?" आम्ही म्हणालों.

"आबा, 'एच' बोलत नाहींत. तो नुसता बसलेला असतो."

येथें एक गंमत सांगितली पाहिजे. इंग्रजी अमदानींत या नांवांत 'एच' नव्हताच. १९१० सालच्या जिल्हा गॅझेटियरच्या मुखपृष्ठावरही तो नाहीं. 'ढ'काराचा महाप्राण साहेबाच्या लेखणींतून सांडला होता, तो मागाहून 'एच' घालून परत घेतला गेला. म्हणजे ज्या अक्षरानें आम्हीं गमावलेला उच्चार परत मिळविला, तेंच अक्षर आमच्या नातवाच्या लेखीं मुकें!

घाट संपेपर्यंत मग आम्ही शिष्य झालों व तो गुरु झाला. त्याच्या शाळेंतील भाषेंत 'ओ' म्हणजे 'किंवा'. आणि 'ओ' म्हणजेच 'मजजवळ आहे'. कानाला दोन्ही एक. म्हणून दुसऱ्याच्या आधीं एक 'एच' लिहितात; वाचतांना मात्र त्यास शिवत नाहींत. 'आन्नो' म्हणजे वर्ष, आणि 'एच' लावून लिहिलेला 'आन्नो' म्हणजे 'त्यांच्याजवळ आहे'. आम्हांस शेजारच्या लॅटिनची थोडी ओळख. तेथें याच क्रियापदाचें मूळ 'हाबेओ'. तेथील हकार एके काळीं खरोखर उच्चारला जाई, पुढें लोकांच्या तोंडून गळाला, आणि लेखनांत चार रूपांपुरता उरला. याशिवाय 'आय' हें अक्षरही तेथें कित्येकदां मुकें असतें. 'चेलो' म्हणजे आकाश. त्यांत एक 'आय' लिहितात व उच्चारीत नाहींत. तो गाळला तर उच्चार तोच राहतो, अर्थ मात्र 'मी लपवितों' असा होतो. हें ऐकून आम्हांस फार मौज वाटली. गेल्या शतकांत कांहीं विद्वानांनीं 'एच' काढून त्या चार शब्दांतील स्वरावर आघाताची खूण द्यावी असें सुचविलें होतें. तें फारसें रुजलें नाहीं.

"मग मराठींत कोणतें अक्षर बसून असतें?" नातवानें विचारलें.

उत्तर खिडकीबाहेरच होतें. बुलढाण्याहून चिखलीकडे जातांना एका दुकानाच्या जुन्या पाटीवर 'देऊळगांव' आणि पुढें दुसऱ्या नव्या पाटीवर 'देऊळगाव' असें दिसलें. या जिल्ह्यांत गांवांना तोटा नाहीं: शेगांव, खामगांव, जळगांव जामोद, देऊळगांव राजा. या सर्वांच्या माथ्यावर पूर्वीं ठिपका असे. ग्राम या शब्दांतील मकार झिजून नाकांत गेला, आणि त्याची खूण म्हणून अनुस्वार राहिला. तसेंच नाम शब्दापासून नांव, पंच शब्दापासून पांच. देशावर हे शब्द बोलतांना नाकांतील ध्वनि केव्हांच लोपला. गोमंतकांत आणि कोंकणांत तो अजून ऐकूं येतो. नाव म्हणजे होडी, ती संस्कृत नौ पासून आलेली. तिला ठिपका नाहीं. नांव म्हणजे नाम. त्याला ठिपका आहे. उच्चार एक, डोळ्याला भेद दोन.

हा ठिपका असावा कीं नसावा याचा वाद जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं साने, गोडबोले, हातवळणे यांनीं लेखनसुधारणेचा प्रश्न मांडला तेव्हां टिळकांनींही केसरींत त्या विषयावर लिहिलें. अखेर १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनानें मान्य केले आणि हे अनुच्चारित अनुस्वार शाळेंतून गेले. आम्हीं स्वतः पस्तीस वर्षें नव्या नियमांप्रमाणेंच शिकविलें. एखाद्या मुलानें आजोबांचें पाहून 'घरांत', 'कोठें' असें लिहिलें तर तो ठिपका तांबड्या शाईनें खोडून अर्धा गुण कापीत असूं. मुलांचें ओझें कमी झालें यांत शंका नाहीं, आणि नियम करणारांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रस्तुत लेख जुन्या वळणानें कां लिहिला, तें पुढें कळेल; संपादकांनीं तो तसाच छापावा ही विनंती.

नातवास आम्हीं आणखी एक उदाहरण दिलें. 'ती आली' म्हणजे एकटी स्त्री आली. 'तीं आलीं', दोन्हींवर ठिपके, म्हणजे अनेकजण आलीं. मुलें आलीं, किंवा स्त्री आणि पुरुष मिळून आलीं. संस्कृतांत पाणिनीच्या व्यवस्थेप्रमाणें स्त्रीपुरुषांचा एकत्र उल्लेख असतां पुल्लिंग शिल्लक राहतें. मराठी मात्र दोघांनाही नपुंसकलिंगांत बसविते. इटालियनमध्यें संस्कृतासारखेंच पुल्लिंग, असें नातवानें सांगितलें. गाडींत वेळ जावा म्हणून दिलेलें हें उदाहरण पुढें आमच्याच अंगावर येणार आहे, हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

चिखली हें आमच्या आजीचें माहेर. तिला आम्हीं पाहिलें नाहीं. १९३४ सालीं ती वारली तेव्हां आमचे वडील आठ वर्षांचे व आत्या तीन वर्षांची होती. वडिलांच्या आधींचा एक मुलगा तान्हेपणींच गेला, इतकेंच घरांत ठाऊक होतें. आजोबा त्याविषयीं कधीं बोलले नाहींत. १९७५ सालीं आम्ही मॅट्रिकची परीक्षा देऊन घरीं बसलों असतां वडिलांनीं ती रोजनिशी मेहकरहून मागविली व आम्हांस तिची नक्कल करावयास सांगितलें. आम्हीं सुवाच्य अक्षरांत, शाळेंत शिकलेल्या नव्या शुद्धलेखनानें ती केली. मूळ वही परत गेली, नक्कल घरीं राहिली. तींत १९२२ सालच्या श्रावणांतील तीन ओळी होत्या. आजी बाळासह चिखलीहून गाडींतून निघाल्याचें पत्र आलें, वाटेंतील ओढ्यास पूर आला, दोन दिवस वार्ता नाहीं, आणि मग, "आज तिसऱ्या प्रहरी ती सुखरूप आली." पुढचीं पानें वाळवीनें खाल्लेलीं होतीं. त्यानंतर जेथें मजकूर लागतो तेथें बाळ नाहीं.

वडिलांनीं तें दिवेलागणीस मोठ्यानें वाचलें, आणि 'ती' या शब्दावर थांबले. त्या रात्रीं ते जेवले नाहींत. त्या दिवसापासून घरांत असें धरून चालले कीं बाळ ओढ्यांत गेलें. आत्या तर पुढें उघड म्हणूं लागली कीं आईनें पुरांत गाडी घालावयास नको होती, माहेरीं दोन दिवस थांबली असती तर काय बिघडतें. ज्या आईचा चेहराही आठवत नाहीं, तिच्या माथीं तिच्या लेकरांनीं हा बोल ठेवला. वडील १९९१ सालीं गेले ते हेंच मनांत घेऊन.

मेहकरास पोहोंचलों तेव्हां दुपार झाली होती. मेघंकर दैत्यावरून या गांवास नांव पडलें अशी कथा आहे. येथें पैनगंगा वाहते, आणि १८८८ सालीं जमिनींतून निघालेली शारंगधर बालाजीची भव्य कृष्णवर्ण मूर्ति येथें आहे. तिचें दर्शन घेतलें. घरीं वहिनींनीं ज्वारीची गरम भाकरी व ठेचा वाढला. नातवानें ठेच्याचा मान राखला, डोळ्यांस पाणी आलें तरी बोलला नाहीं.

जेवणानंतर पेटी खालीं उतरविली. वहीचा पुठ्ठा गेला होता, पण बोरूचीं अक्षरें टवटवीत. नातू एकेका शब्दावर बोट ठेवून वाचूं लागला. जुन्या वळणाची त्याला संवय नाहीं, म्हणूनच तो प्रत्येक ठिपका पाहत होता. आम्ही मात्र अर्थाच्या ओघांत पुढें जात होतों. श्रावणाच्या पानावर तो अडला.

"आबा, इथें दोन ठिपके आहेत. म्हणजे कितीजण आलीं?"

आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. "आज तिसऱ्या प्रहरीं तीं सुखरूप आलीं." शाई पसरून पडलेले डाग ते नव्हेत, 'प्रहरीं' वर जसा ठिपका, तसेच हे दोन.

कांहीं वेळ आम्हांस कांहीं सुचेना. मग मास्तरी स्वभावानें शंका काढली. पूर्वीं आदरार्थींही स्त्रियांस असें बहुवचन लावीत, तेव्हां हा पत्नीचा आदर तर नसेल? म्हणून वही आरंभापासून चाळली. आजोबांनीं आजीचा उल्लेख नऊ ठिकाणीं केला आहे, आणि सर्वत्र 'ती', 'आली', 'म्हणाली' असें साधें एकवचन आहे. बहुवचन या एकाच जागीं. तरीही मनाचें समाधान होईना. तेव्हां बंधू म्हणाले, "मागच्या बाजूचा जमाखर्च पाहिलास का?" तीं पानें आम्हीं नकलेंत घेतलींच नव्हतीं, तेल, मीठ, जोड्याची दुरुस्ती यांत काय उतरवावयाचें, असें सोळाव्या वर्षीं वाटलें होतें. कार्तिकाच्या रकान्यांत स्पष्ट लिहिलेलें सांपडलें: "बाळास औषध, वैद्यांकडून, दोन आणे." चार दिवसांनीं पुन्हां दोन आणे. पुढें मार्गशीर्षांत ती नोंद नाहीं.

बाळ पुरांत गेलें नव्हतें. आजीनें त्यास ओढ्यांतून सुखरूप घरीं आणलें होतें, आणि तें पुढें तीन महिने तरी या घरांत होतें. ती गोष्ट आजोबांनीं दोन ठिपक्यांत लिहून ठेविली, आणि आम्हीं ते ठिपके निरुपयोगी म्हणून गाळले. नियमांत 'तीं'चें 'ती' लिहा एवढेंच होतें. अर्थ संदिग्ध होतो तेथें 'दोघे' म्हणून शब्द घाला, समासांत टीप द्या, यास कोणी मनाई केली नव्हती. नकलकारानें मूळ पानाशीं प्रामाणिक राहावें एवढें ध्यान त्या वेळीं आम्हांस नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं ठरल्याप्रमाणें लोणारास गेलों. वाचकांपैकीं पुष्कळांनीं तें सरोवर पाहिलें असेल. अशनीच्या आघातानें काळ्या बसाल्ट खडकांत पडलेला सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली, पण आईने अकबरींतही लोणारचा उल्लेख आहे. वयाविषयीं शास्त्रज्ञांचें एकमत नाहीं. खारें व क्षारयुक्त पाणी. जून २०२० मध्यें तें एकाएकीं गुलाबी झालें, तें खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांमुळें असें निघालें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. लवण या शब्दाचें लोण झालें तेव्हां मधला वकार 'ओ'मध्यें विरला, हेंही नातवास सांगितलें. परंतु खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं आमचें लक्ष पाण्याकडे नव्हतें. दैत्यसूदनाच्या मंदिराबाहेरच्या ओट्यावर बसून आम्हीं अकोल्यास आत्यास फोन लावला. ती आतां त्र्याण्णव वर्षांची आहे. ऐकूं कमी येतें, म्हणून दोनदां सांगावें लागलें.

बराच वेळ पलीकडून शब्द आला नाहीं. मग ती म्हणाली, "दोन आणे? म्हणजे औषध दिलं होतं त्याला." आणि थोड्या वेळानें, "दादाला हें कळायला हवं होतं रे."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिनेंच फोन खालीं ठेवला.

नकलेची वही बरोबर होती. नातवानें आपल्या पेटींतून तांबडें पेन काढून दिलें. 'ती' वर एक व 'आली' वर एक असे दोन ठिपके आम्हीं दिले, आणि समासांत तारीख घातली. परतीच्या गाडीस अवकाश होता. तोंवर तो मूळ वही मांडीवर घेऊन, खालच्या ओळींतील आम्हीं गाळलेले ठिपके एकेक मोजूं लागला.