युनियन हॉलचा धक्का

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, कॉर्क शहराच्या पश्चिमेस, युनियन हॉल नावाचे एक लहानसे मासेमारी गाव आहे. वस्ती अवघी काही शेंची. हे इंग्रजी नाव १८०० सालच्या एकीकरणाच्या कायद्यावरून पडले असे सांगतात. जुने आयरिश नाव मात्र निराळे, त्याचा अर्थ दुर्गंधीचा किनारा. बोंबलाच्या वासात लहानाचे मोठे झालेल्या आम्हा वसईकरांना अशा नावाचे काय वावडे?

माझी भाची कॉर्कमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. "मामा, तुम्ही कोळीवाड्यातले. तुम्हाला किल्ले दाखवून काय उपयोग?" असे म्हणून तिनेच मला तेथे नेले. रस्त्याच्या दुतर्फा फ्यूशियाच्या तांबड्या फुलांची कुंपणे, खाली खाडी, पलीकडच्या काठावर ग्लँडोर हे गाव आणि दोहोंना जोडणारा अरुंद एकपदरी पूल. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलात पक्षी भक्ष्य शोधत होते.

खाडीच्या मुखाशी दोन बेटे आहेत, एकाचे नाव आदाम, दुसऱ्याचे एवा. आत येणाऱ्या तांडेलाने आदामापासून दूर राहावे व एवेला बिलगून यावे, असा तेथील दर्यावर्दींचा जुना संकेत आहे. आपल्या प्रवचनकारांना हे ऐकवले तर ते बुचकळ्यात पडतील!

१५ जानेवारी २०१२ च्या पहाटे, वादळी हवेत बंदराकडे परतणारा 'टीट बोनॉम' हा ट्रॉलर त्याच आदाम बेटावर आदळून बुडाला. ट्रॉलरवर सहा जण होते. तांडेल व एक तरुण आयर्लंडचे, उरलेले चौघे इजिप्तचे. चौघांपैकी एकटा वाचला. पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात अपुऱ्या झोपेने आलेल्या थकव्यावर बोट ठेवण्यात आले. मासळीच्या मागे धावणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरची झापड काय असते, हे कोळ्याच्या घरात कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पण मला सांगायचे आहे ते यानंतरचे. समुद्र खवळलेला होता. पाणबुड्यांना दिवसेंदिवस खाली उतरता येईना. नौदल, पोलीस, तटरक्षक यांच्या जोडीला आसपासच्या बंदरांतील मच्छीमार आपापल्या होड्या घेऊन आले. शेतकरी कडेकपारींतून किनारा पिंजू लागले. गावच्या बायकांनी शोधकर्त्यांसाठी रोज रांधले. कीलबेगच्या धक्क्यावर आयरिश कुटुंबे आणि इजिप्तहून आलेले मुस्लिम नातेवाईक एकाच थंडीत, एकाच पाण्याकडे पाहत उभे राहिले. तेथे प्रार्थना झाल्या. २६ व्या दिवशी शेवटचा, पाचवा मृतदेह हाती लागला, तोवर गाव थांबले होते.

पाचांपैकी तिघे परमुलखातले, परधर्मातले. दोन आयरिश देह मिळाले की पुरे, असे हिशेबी मन म्हणू शकले असते. बुडालेल्याचा देह मिळणे म्हणजे काय, हे ज्या घराची होडी परतलेली नाही त्यालाच ठाऊक. थडग्याला जागा हवी असते, मेणबत्ती लावायला दगड हवा असतो. हे दुःख आपल्यासारखेच कैरोच्या दिशेलाही असते, एवढे त्या गावाने जाणले.

धक्क्यावर एक वृद्ध मच्छीमार जाळे सांधत बसला होता. सुईची चाल ओळखीची वाटली म्हणून मी थबकलो. भाची मध्ये बोलत होती. २०१२ चा विषय निघाला तेव्हा त्याने हात न थांबवता त्या इजिप्शियन खलाशांची नावे एकामागून एक घेतली, जशी आमच्याकडे आळीतल्या पोरांची घेतात.

मग त्याने विचारले, "तुमच्याकडे बोटींवर कोण असते?"

मी म्हणालो, "आता घरची मुले फारशी जात नाहीत. आमच्या किनाऱ्यावर कितीतरी खलाशी नेपाळचे, झारखंडचे."

"त्यांच्यापैकी एखादा समुद्रातच राहिला तर? घरचे येऊन थांबतात?"

मी भाचीकडे पाहिले. नेपाळच्या डोंगरातून आमच्या किनाऱ्यापर्यंत किती दिवस लागतात, हे तिला इंग्रजीत सांगायला लावले. म्हाताऱ्याने मान हलवली, तुटलेला फास दाताने घट्ट ओढला आणि पुढचा फास घालण्यासाठी सुई उचलली.