अंकाची तारीख

जुन्या काळातलं वर्तमानपत्र काढायचं म्हटलं की मुलं आधी नावावर तुटून पडतात. ‘सिंहगर्जना’, ‘क्रांतिज्योत’, मग लाल शाईचा मथळा. मी नाव शेवटी ठेवते. आधी फळ्यावर तारीख लिहायची आणि अंक संपेपर्यंत ती पुसायची नाही. या उपक्रमातली खरी मेहनत त्या तारखेच्या अलीकडे राहण्यात आहे.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, विषयासाठी लांब जावं लागत नाही. नववीच्या वर्गाला मी बहुधा ‘मंगळवार, १८ ऑगस्ट १९४२’ ही तारीख देते. १६ तारखेला, नागपंचमीच्या दिवशी, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये ‘चले जाव’च्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर मारला गेला. लोक खवळले. डुंगाजी आणि सोनवणे हे सरकारी अधिकारी जमावाच्या हातून ठार झाले. चिमूरवर त्या घडीला सरकारचा ताबा उरला नव्हता. गोऱ्या शिपायांची फौज आली ती १९ तारखेला. म्हणजे आपला अंक नेमका त्याच्या आदल्या दिवशीचा. पुढे घराघरांत काय घडलं, स्त्रियांवर कसले अत्याचार झाले, हे मुलांनी वाचलेलं असतं. पण त्यांच्या बातमीदाराला त्यातलं काहीच ठाऊक नाही.

इथेच गंमत सुरू होते. कुणीतरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या अटकेची बातमी चौकटीत टाकतो. अटक २८ ऑगस्टची, चौकट बाद. कुणी ‘गडचिरोली जिल्ह्यातही खळबळ’ असं लिहितो. तो जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा (चंद्रपूर) जिल्हा. अग्रलेख लिहिणाऱ्या गटाला तर स्वातंत्र्य पाच वर्षांवर आलंय हे माहीत असतं, आणि ते लपवणं त्यांना फार जड जातं. ‘लवकरच’ हा शब्द मी अग्रलेखातून हटकून काढायला लावते.

जाहिरातींचा गट सगळे टाळतात, मला मात्र तोच आवडतो. एकदा या गटाने तांदळाचा भाव क्विंटलवर लावला आणि शेजारी नाटकाची झोकदार जाहिरात काढली : आज रात्री, भव्य मंडप, स्त्रियांसाठी वेगळी सोय. क्विंटल खोडून पायली आणि खंडी आली, ते सोपं होतं. नाटकाशी मात्र गट अडून बसला. झाडीपट्टीत नाटक नाही तर काय? मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, “मॅडम, रोवण्याच्या दिवसात नाटक कोन पायते?” वाद मिटला. धानाची रोवणी चालू असताना गाव चिखलात असतं. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटकं दिवाळीनंतरची. पाठ्यपुस्तकात नसलेला पुरावा तिच्या घरातच होता.

मुख्य बातमीवर मात्र भांडण होतंच. बालाजीचं बलिदान मोठ्या टायपात हवं, यावर सगळ्यांचं एकमत. अधिकाऱ्यांचे मृत्यू कुठे छापायचे, यावर नाही. बरेचसे म्हणतात, गाळून टाका. माझं मत ठाम आहे : दोन्ही बातम्या पहिल्या पानावर. न पटणारी बातमी आत ढकलणारा संपादक मला चालत नाही. शिवाय प्रत्येक बातमीखाली ती कुणाकडून कळली हे लिहायचं; डोळ्यांनी पाहिलेली वेगळी, ऐकीव वेगळी. या एका अटीने अर्धी वीरश्री आपोआप गळते.

वर्ग तयारीचा असेल तर दुसरा अंक जानेवारी १९४३ चा. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी उपोषण धरलं होतं. ते ६३ दिवस चाललं आणि १२ जानेवारीला सुटलं. सरकारने त्या उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी घातली, आणि निषेध म्हणून देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. आता मुलांनी काय करायचं? एका गटाने मधला रकाना कोरा सोडला. दुसऱ्याने बंदी मोडून बातमी छापली आणि जप्तीची नोटीसही स्वतःच लिहून जोडली. तिसऱ्याने अंकच दिला नाही आणि गुण मागितले. मी दिले, पण न काढलेल्या अंकात काय काय येणार होतं ते तोंडी विचारून घेतल्यावरच.

१८५८ चा, बाबुराव शेडमाक्यांच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचा अंक काढा, असं बरेच जण सुचवतात. विषय मोठा आहे, पण तेव्हा या जंगलात बातमी फिरायची ती बाजारातून, तोंडोतोंडी. त्याला वर्तमानपत्राचा साचा ओढूनताणून लावण्यापेक्षा मी तिथे दवंडी लिहायला देते.

कुणा शिक्षकाला हे करून पाहायचं असेल तर दोनच सूचना. चार पानी अंकाला निदान चार तास द्या. एका तासात फक्त चित्रं रंगवून होतात. आणि संपादक म्हणून वर्गातला पहिला नंबर निवडू नका, सारख्या शंका काढणारं पोर निवडा.